लालबागेतला पाहुणा नव्हे, रहिवासी

बेंगळुरूच्या लालबागेत सकाळी फिरणाऱ्यांचे लक्ष बहुधा पायवाटेकडे आणि घड्याळाकडे असते. अशा वेळी खारी एकदम चिरकू लागल्या, कावळ्यांनी कालवा केला, की जरा मान वर करून पाहावे. एखाद्या फांदीवर कबुतराएवढा, राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस आडव्या रेघा असलेला पक्षी दिसेल. हाच शिक्रा!

एवढ्या मोठ्या शहरात शिकारी पक्षी कसा, असे नवल वाटते. पण १७६० मध्ये हैदरअलीने सुरू केलेली ही बाग आज सुमारे २४० एकरांची आहे. दबा धरायला दाट झाडे आणि खायला सरडे, उंदीर, लहान पक्षी. शिक्र्याला आणखी काय हवे?

त्याने खार धरली की पाहणाऱ्याचे मन कळवळते, हात दगडाकडे जातो. तो आवरावा. घरट्यात त्याचीही पिले भुकेली असतात. शिवाय शिकारी टिकला, म्हणजे त्याचे भक्ष्य आणि झाडेही टिकून आहेत. बागेची तब्येत ठीक असल्याची ती खूणच.

खरा घात करतो तो मांजा. झाडांत अडकलेल्या मांजाने शिक्रे, घारी जखमी होऊन पडतात. असा पक्षी आढळल्यास अलगद कापड टाकून हवेशीर खोक्यात ठेवावा, चोचीत पाणी ओतू नये आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना लगेच कळवावे. पतंग उडवून झाल्यावर मुलांकडून गच्चीवरचा मांजा गोळा करून घेतला, तर ही वेळच येणार नाही.