वर्गातला गोंदिया जिल्हा

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. समाजशास्त्राच्या पुष्कळ विभागांत त्याचा अर्थ प्रश्नावली, गूगल फॉर्म आणि शेवटी टक्केवारीचे तक्ते एवढाच लावला जातो. विषय ‘महाविद्यालयातील सामाजिक विविधता’ असेल तर काम एका दुपारी आटोपते. प्रवेश अर्जांतले प्रवर्ग मोजले, मुली किती नि मुलगे किती ते लिहिले, की अहवाल बांधणीला जातो. गोंदिया जिल्ह्यात हा विषय असा उरकणे म्हणजे डोळ्यांसमोरचा समाज न पाहता निघून जाणे होय.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. पोवार, कुणबी, लोधी, तेली, कलार, कोहळी, ढिवर, गोवारी, गोंड, हलबा, बौद्ध अशी गावोगावची वस्ती. गोंदिया शहरात सिंधी, गुजराती, मारवाडी व्यापारी कुटुंबे, तर अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी निर्वासितांची वसाहत. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा आपला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा प्रत्येक समूहाला त्यांनी स्वतंत्र नोंद दिली. एक समूह, एक प्रकरण ही सवय आपल्या अभ्यासक्रमांतून अजून गेलेली नाही. महाविद्यालयात मात्र ही सगळी प्रकरणे एका बाकावर येऊन बसतात. कोण कोणाशेजारी बसतो, कोणासमोर कोणती भाषा काढतो, कोणाच्या घरी जेवायला जातो, हे त्या ग्रंथात सापडणार नाही आणि गूगल फॉर्ममध्येही नाही. त्यासाठी तिथे दीर्घकाळ वावरावे लागते, ऐकावे लागते आणि रोज लिहावे लागते.

भाषेचेच पाहा. फॉर्ममध्ये मातृभाषेला एकच रकाना असतो. घरी पोवारी, वर्गात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या मुलीने तिथे काय लिहावे? जनगणनेत पोवारी हिंदीच्या गटात धरली जाते. तिने ‘मराठी’ लिहिले तर दोन्ही नोंदींत तिचे घर दिसत नाही. तिला घरून फोन आला की ती मैत्रिणींतच बसून बोलते की उठून व्हरांड्यात जाते, हे पाहणाऱ्याला भाषेच्या प्रतिष्ठेबद्दल बरेच कळेल. सालेकसा-देवरीकडून येणाऱ्या आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांबाबत हीच नोंद वेगळी निघू शकते.

सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज म्हणजे हजेरीपट. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालू असते. त्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या दोन मुलांपुढे आपण सारखीच खूण करतो. पण एक घरच्या बांधीवर मजुरांवर लक्ष ठेवायला थांबलेला असतो, आणि दुसरा आईबरोबर कोणाच्या तरी बांधीत परे लावायला गेलेला असतो. कदाचित ती बांधी त्याच्या वर्गमित्राचीच असेल. दिवाळीच्या पुढेमागे कापणी आणि चुरणे, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. हंगाम आणि हजेरी शेजारी शेजारी मांडून त्या-त्या मुलाशी बोलले, तर जमीन, जात आणि जंगल वर्गात कसे येतात ते उलगडेल. एरवी आपण ‘अनियमित’ असा शेरा मारून मोकळे होतो, आणि त्याची शिक्षा परीक्षेच्या वेळी त्या मुलाला होते.

दिवाळीनंतरच्या मंडईकडेही लक्ष वेधायचे आहे. गावोगावी दिवसा बाजार भरतो, रात्री दंडार किंवा नाटक असते आणि मुले आपल्या मित्रांना गावाला बोलावतात. महाविद्यालयात जमलेली मैत्री गावाच्या उंबरठ्यावर कोणते नियम पाळते, हे पाहण्याची इतकी चांगली संधी वर्षात दुसरी नाही.

प्रवर्गाच्या रकान्यालाही इतिहास असतो. अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी निघालेल्या नागपूरच्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मृत्युमुखी पडले. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. घरात हे ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘तुझा प्रवर्ग कोणता’ हा प्रश्न साधा माहितीचा वाटेल, असे समजू नये. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, विद्यार्थ्यांकडून सहाध्यायांच्या जाती विचारून घेणारे प्रकल्प तत्काळ थांबवावेत. मुलांनी स्वतःच्या दिवसाची, प्रवासाची, डब्याची रोजनिशी लिहावी. जात सांगायची की नाही, कधी आणि किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आकडे फेकून द्या, असे कोणी समजू नये. इरावती कर्वे यांनी मोजमापे घेतली आणि पायपीटही केली. एकाने दुसऱ्याचे काम अडले नाही.

खरी अडचण आपण प्राध्यापकच आहोत. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात मायकेल मॉफट हे मानवशास्त्राचे प्राध्यापक सुरुवातीला आपली ओळख लपवून विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिले. त्यातून आकाराला आलेले त्यांचे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आमगाव किंवा तिरोड्यात हे शक्य नाही आणि योग्यही नाही. इथे प्राध्यापकाला बसस्टँडवरचा पानवालाही ओळखतो. शिवाय अंतर्गत गुण आपल्या हातात असतात. गुण देणाऱ्याने संमती मागितली तर नकार देण्याची हिंमत किती मुले करतील? आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एका गावची एकच मुलगी असेल, तर नाव बदलून काय लपणार?

यावर आमची एक सूचना आहे. जिल्ह्यातील विभागांनी प्राध्यापकांची अदलाबदल करावी. देवरीच्या शिक्षकाने एक सत्र अर्जुनी मोरगावला आठवड्यातून एक दिवस जाऊन निरीक्षण करावे, तिथल्याने देवरीला यावे. जिथे गुण द्यायचे तिथे संशोधन करायचे नाही. टिपणे त्याच रात्री लिहावीत, ती प्राचार्यांना वा संस्थाचालकांना दाखवू नयेत, आणि लेख छापण्यापूर्वी ज्यांच्याबद्दल लिहिले त्या मुलांना वाचून दाखवावा. गावाचे नाव, वर्ग, वर्ष यांतले काय वगळायचे ते त्यांनी सांगावे. विद्यापीठानेही या कामाचे तास अध्यापनभारात धरायला हवेत, नाहीतर पगारी रजा नसलेला तासिका तत्त्वावरचा शिक्षक हे कधीच करू शकणार नाही.

नवे सत्र रोवणीबरोबरच सुरू होते. अदलाबदलीला तयार असलेल्या विभागांनी त्यापूर्वी एकमेकांशी पत्रव्यवहार करून दिवस ठरवून घ्यावेत, आणि पहिल्या भेटीत मागील तीन वर्षांचे जुलै-ऑगस्टचे हजेरीपट काढून ठेवायला सांगावेत.