यंत्र निकामी झाले, की निकामी ठरवले?



१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरातल्या लहान पोरालाही पाठ असते. १९५६ साली याच दिवशी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि लाखो माणसांना जुन्या जोखडातून मोकळे केले. योगायोग असा की, २०२५ सालच्या १४ ऑक्टोबरलाच मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची मोफत देखभाल बंद केली. तेव्हापासून समाजातले कार्यकर्ते, शिकवणी घेणाऱ्या ताई, फॉर्म भरून देणारी तरुण पोरे आम्हाला एकच प्रश्न विचारतात, ‘आमचा काँप्युटर आता भंगारात काढायचा का?’ दुकानदार तर ‘काढा’ असेच सांगतो. म्हणून यावेळी याच विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आधी ही प्रणाली म्हणजे काय, ते समजून घेऊ. बांधकामावर गवंडी असतो, बिगारी असतो, सुतार असतो. पण कोणी कुठे उभे राहायचे, वाळू कोणाला द्यायची, हे मुकादम ठरवतो. संगणकातही तसेच आहे. पडदा, कळफलक, प्रिंटर हे सगळे कामगार आणि त्यांना कामाला लावणारा मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज हा असाच एक मुकादम. तो आपला नोकर नाही. कंपनीचा माणूस आहे आणि कंपनीच्या अटींवर आपल्याकडे काम करतो.

आता १४ ऑक्टोबरला नेमके काय झाले? संगणक बंद पडला नाही. आदल्या दिवशी चालत होता तसाच दुसऱ्या दिवशीही चालू झाला. फरक एवढाच की, कोणत्याही प्रणालीत फटी सापडतात, चोर त्या फटीतून शिरतात आणि कंपनी दर महिन्याला त्या बुजवत असते. विंडोज १० च्या बाबतीत हे बुजवण्याचे काम सर्वांसाठी होते, ते थांबले. म्हणजे दाराचे कुलूप अजून लागते, पण नवी किल्ली बनवून चोर आला तर ते कुलूप बदलायला कोणी येणार नाही. जसजसे दिवस जातील तसतसा धोका वाढेल. त्यावर बँकेचे व्यवहार करणे हळूहळू शहाणपणाचे राहणार नाही. हे खरे आहे आणि कोणी ते हसण्यावारी नेऊ नये.

मग पुढची ‘विंडोज ११’ का घालू नये? ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली आणि योग्य यंत्राला फुकट मिळते. पण योग्य कोणते, हे कंपनीने ठरवले. संगणकात किल्ल्या जपून ठेवणारी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था हवी, ४ जीबी रॅम हवी, ६४ जीबी जागा हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आजही धडधाकट चालणारा संगणक या दारातून आत जात नाही. सुरक्षा वाढावी म्हणून या अटी घातल्या, असे कंपनी सांगते. त्यात तथ्यही आहे. पण त्याची किंमत कोणी मोजायची? ज्याचे यंत्र चालते आहे, त्यानेच.

ही कटकट आजची नाही. २००१ सालची एक्सपी लोकांच्या हातात चांगली बसली होती. २००७ च्या सुरुवातीला व्हिस्टा आली आणि जुनी यंत्रे तिच्या ओझ्याने धापा टाकू लागली, जुने प्रिंटर तिला ओळखेनात. २०१२ साली विंडोज ८ आली आणि खालच्या कोपऱ्यातले ‘स्टार्ट’चे बटणच गायब झाले! जगभरातून ओरड झाली, तेव्हा वर्षभराने ते बटण परत आणावे लागले. विंडोज १० च्या वेळी, २०१५ साली, कंपनीच्याच एका माणसाने ही शेवटची विंडोज आहे असे जाहीर बोलून दाखवले होते. सहा वर्षांत अकरावी दारात उभी राहिली.

ज्याच्या घरी पैसा आहे तो चार शिव्या देतो आणि नवा लॅपटॉप आणतो. आपल्याकडे हिशेब निराळा असतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आकड्यातच बोलतो. एखाद्या विहाराच्या अभ्यासिकेत पाच संगणक आहेत असे धरा. एका नव्या संगणकाला ३५ हजार रुपये धरले तरी पावणेदोन लाख होतात. वर्गणी मागायला दारोदार फिरणाऱ्याला विचारा, पावणेदोन लाख गोळा करणे म्हणजे काय! आणि घरातला एकुलता एक संगणक बदलायचा म्हटले तर पतपेढीचे कर्ज आणि वर्षभर हप्ता. मुलीच्या क्लासची फी त्यातूनच कापली जाते. पुन्हा मोठ्या कष्टाने, एमएस-सीआयटीचा वर्ग लावून, चाळिशीतल्या आपल्या भगिनीने जे शिकून घेतले, ते प्रत्येक नव्या आवृत्तीत इकडचे तिकडे होते. ‘मलाच जमत नाही’ असे म्हणून ती माउली मागे सरते. तिला आम्ही सांगू इच्छितो, ताई, दोष तुमच्यात नाही. घराची खोली कोणीतरी रात्रीतून हलवली, तर घरमालकालाही अंधारात ठेच लागते.

मग संगणकच नको, असे म्हणायचे का? मुळीच नाही. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राविषयी फार मोलाचा विचार मांडला. यंत्रांमुळे अनिष्ट घडते हे खरे असले, तरी त्याचा दोष यंत्राकडे जात नाही. ज्या चुकीच्या समाजरचनेत नफा मूठभरांकडे जातो तिच्याकडे जातो, असे त्यांचे म्हणणे होते. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून विचाराला आणि संस्कृतीला फुरसत द्यायची तर यंत्र हवेच, हा त्यांचा आग्रह होता. तोच विचार इथे लावा. संगणक आपला शत्रू नाही. आपल्या पैशाने घेतलेले चालते यंत्र केव्हा मेले हे दुसऱ्याने ठरवायचे आणि आपण मान डोलवायची, ही व्यवस्था खोटी आहे.

तर आपण काय करू शकतो? तीन वाटा आहेत.

पहिली वाट, आधी तपासा. मायक्रोसॉफ्टचेच ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचे मोफत साधन आहे. तुमचे यंत्र विंडोज ११ ला चालते की नाही, हे ते सांगते. काही यंत्रांत टीपीएम असते, पण आतून बंद ठेवलेले असते. जाणकार मुलगा ते पाच मिनिटांत चालू करून देईल. न तपासता ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून परत या.

दुसरी वाट, मुदतवाढ. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते काढून संगणकाच्या मांडणीची प्रत तिथे साठवली तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर मोजायचे. ही वाट म्हणजे थोडी उसंत आहे, कायमचा मुक्काम नव्हे.

तिसरी वाट म्हणजे मुकादमच बदलणे. लिनक्स हे नाव तुम्ही ऐकले असेल. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा मुक्त प्रणालीची घोषणा केली होती. त्यांचे तत्त्व असे : प्रणाली वापरण्याचे, ती आतून कशी आहे हे शिकण्याचे, दुसऱ्याला देण्याचे आणि सुधारण्याचे स्वातंत्र्य सर्वांना हवे. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या विद्येच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्याला या तत्त्वाचे मोल वेगळे सांगायला नको. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही २००७ साली ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली काढली. नवशिक्याला ‘लिनक्स मिंट’ बरी पडते, कारण तिची मांडणी जुन्या विंडोजसारखी आहे. तिला २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते, ४ जीबी असेल तर उत्तम. पैसे पडत नाहीत आणि प्रत दुसऱ्याला देणे हा गुन्हाही नाही.

आणि हे आमच्या शब्दावर मानू नका. कालाम सुत्तात बुद्धांनी सांगितले आहे की, परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. धम्मवंदनेत आपण रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे या आणि पाहा. लिनक्स मिंटची परीक्षा अशीच घेता येते. ती पेनड्राइव्हवर भरायची, तिथूनच संगणक सुरू करायचा आणि पाहायचे. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का. हार्डडिस्कमधले काही बदलत नाही. पसंत नसेल तर पेनड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा, जुनी विंडोज जागच्या जागी आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही दुकानदारच ठरू. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहे, लिनक्सवर ते सरळ चालत नाही. ज्याची नोकरी टॅलीवर आहे, त्याने विंडोज सोडू नये. पत्रिका आणि बॅनर बनवणाऱ्यांच्या फोटोशॉपचेही तसेच. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेले मराठी मजकूर दुसरीकडे उघडले की, अक्षरांचा चिवडा होतो. नव्या मजकुरासाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक वापरला तर हा प्रश्न येत नाही. पण अभ्यासिकेतली बहुतेक कामे कोणती? शिष्यवृत्तीचे फॉर्म, परीक्षेची हॉलतिकिटे, व्हिडिओवरची व्याख्याने, अर्ज टाइप करणे. पहिली तिन्ही कामे फायरफॉक्ससारख्या ब्राउझरवर होतात आणि अर्जासाठी लिब्रेऑफिस पुरे आहे.

जगाचे दोन अनुभव आहेत. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले. पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि राजकारण यांत २०१७ साली पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय झाला. उलट आपल्याच देशातल्या केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली आणली, आधी शिक्षकांना तयार केले आणि अभ्यासक्रमही त्याप्रमाणे केला. २०१९ साली तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी नवी लिनक्स आवृत्ती काढली आणि परवान्यांचे सुमारे ३००० कोटी रुपये वाचतात असे सांगितले. यातून धडा एकच. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा शिकलेली माणसे जवळ नसतील तर टिकत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक विहाराने येत्या महिन्यात एक रविवार यासाठी काढावा. आपल्याकडच्या यंत्रांची यादी करावी : कोणते विंडोज ११ ला चालते, कोणते लिनक्सवर न्यायचे, कोणते खरोखर मेले आहे. रॅम किंवा एसएसडी बदलून काम भागत असेल तर तेवढाच खर्च करावा. काहीही करण्याआधी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, घरातले फोटो यांची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. हे आधी, बाकी सगळे नंतर. आणि वस्तीतली दोन मुले व दोन मुली निवडून त्यांना हे काम नीट शिकवावे. मुलींना मुद्दाम घ्यावे, कारण बिघाड झाला की ‘दादाला बोलवा’ ही सवय आपल्याही घरात आहे. ती मोडली पाहिजे.

ज्या दिवशी वस्तीतली एखादी पोरगी दुकानदाराला सांगेल, ‘काका, हे यंत्र मेलेले नाही, मी तपासले आहे,’ त्या दिवशी वर्गणीचे पावणेदोन लाख पुस्तकांकडे वळवता येतील. यंत्र केव्हा टाकायचे, हे ते वापरणाऱ्याने ठरवावे. त्यासाठी लागणारे ज्ञान आता कोणाच्या कुलपात नाही. ते घ्यायला आपण पुढे झाले पाहिजे.

जयभीम.