दायमाबादच्या धातूची कसोटी

सराफाच्या पेढीवर दागिना आला की तो प्रथम कसोटीच्या दगडावर घासला जातो. उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहिली जाते आणि मगच भाव ठरतो. एकटी रेघ काही सांगत नाही. तुलनेसाठी दुसरी रेघ लागते. पुरातन वस्तूंच्या रासायनिक परीक्षणाचे तत्त्वही हेच आहे. त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दाखवणारे एक उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातच, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे आहे.

प्रवरेच्या डाव्या तीरावरील या गावी १९७४ मध्ये झाडाची मुळे खणताना एका ग्रामस्थाला धातूच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, गेंडा, हत्ती आणि रेडा अशा या चार ओतीव मूर्ती होत. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर असून चारही मूर्तींचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक भरते. इतके तांबे एका ठिकाणी ओतणारे कारागीर आणि ते विकत घेणारे धनी कोणत्या काळातले, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला.

दायमाबादची पांढरी त्यापूर्वीच पुरातत्त्वज्ञांना परिचित होती. म. न. देशपांडे यांनी १९५८-५९ मध्ये, एस. आर. राव यांनी १९७४ मध्ये आणि शां. अ. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात तेथे उत्खनन केले. एकावर एक अशा पाच ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचे थर त्यांतून उघड झाले. त्यांपैकी एक थर उत्तर-हडप्पाकालीन असून सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा त्यात मिळाल्या. गेंडा, हत्ती आणि रेडा हे प्राणी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही दिसतात. अशा परिस्थितिजन्य पुराव्यावरून या तिन्ही अभ्यासकांनी मूर्ती उत्तर-हडप्पाकालीन मानल्या.

धातूच्या परीक्षणाने मात्र वेगळी साक्ष दिली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील डी. पी. अग्रवाल यांनी दाखवून दिले की मूर्तींच्या तांब्यात १ टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे. आर्सेनिकामुळे तांबे अधिक कठीण होते आणि ओतण्यास सुलभ जाते. ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, म्हणून या मूर्ती पुढील ऐतिहासिक काळातील असाव्यात, असे त्यांचे मत होते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे मिळालेल्या चपट्या कुऱ्हाडींपैकी एकीच्या परीक्षणात तांब्याबरोबर थोडे कथील आढळले होते. दायमाबादच्या मूर्तींचा कस त्या कुऱ्हाडीशी जुळत नाही. उलट पक्षी, सिंधू खोऱ्यातील काही तांब्याच्या वस्तूंत आर्सेनिक सापडते. त्यामुळे वाद मिटला नाही.

पदार्थावरून काळ ठरतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. रोमन साम्राज्यातील चित्रमय फरशा रंगीत दगडांच्या व काचेच्या बारीक तुकड्यांनी जडवलेल्या असत. त्यांतील अपारदर्शक काचेसाठी आरंभी अँटिमनीची संयुगे वापरली जात. इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून त्यांच्या जागी कथिलाची संयुगे दिसू लागतात. म्हणून काचेचा एक कण तपासला तरी काळाचा अंदाज बांधता येतो. तेथे हे शक्य होते, कारण ज्यांचे स्थान आणि थर नोंदलेले आहेत असे असंख्य नमुने तुलनेला उपलब्ध आहेत. दायमाबादला वस्तू चारच आणि त्यांच्या तोडीची पाचवी कोठे नाही. शिवाय त्या मुळांबरोबर वर आल्या. जमिनीत कोणत्या थरात कशा होत्या, हे अभ्यासकाच्या डोळ्यांदेखत नोंदले गेले नाही. मालाची पारख झाली, परंतु ताळा घेण्यासाठी लागणारे जुने खाते उपलब्ध नव्हते.

व्यापारी घराण्यांना यातून एक व्यावहारिक बोध घेता येतो. जुन्या वाड्याचा पाया खणताना किंवा शेताची बांधबंदिस्ती करताना नाणी, भांडी अथवा मूर्ती हाती लागल्यास त्या तेथून हलवू नयेत आणि चिंच वा आम्ल लावून घासू नयेत. वरचा गंजही परीक्षकाला माहिती देतो. जागेचे छायाचित्र घ्यावे, खोली मोजून लिहून ठेवावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. घरातील पिढीजात तांब्या-पितळेच्या वस्तू मोडीत घालण्यापूर्वीही त्या कोणी, कोठून व केव्हा आणल्या, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे. धातूचा कस प्रयोगशाळा उद्याही काढून देईल. वस्तू कोठून आली, याची नोंद मात्र ज्याच्या हाती ती प्रथम येते त्यालाच करता येते.