विकलेली वस्तु कोणाची?

विक्री म्हणजे काय, याविषयीं आजवर सामान्य मनुष्यास शंका पडण्याचें कारण नव्हतें. दाम मोजला, वस्तु घरीं आली, व विकणाराचा तिच्यावरील हक्क संपला, इतका हा सरळ व्यवहार. सुतारानें आम्हांस कपाट विकावें, चार वर्षांनीं रात्रीं येऊन त्याचा एक खण काढून न्यावा, आणि जाब विचारतां 'या खणाच्या वाटे चोर आंत शिरतील अशी मला भीति वाटली' असें उत्तर द्यावें, हें आमच्यापैकीं कोणी क्षणभर तरी सहन करील काय? परंतु सुताराच्या हातून घडली असतां जी चोरी ठरेल, तीच गोष्ट इलेक्ट्रॉनिक यंत्रें विकणाऱ्या मोठ्या कंपनीनें केली म्हणजे तिला 'अपडेट' असें गोंडस नांव मिळतें, आणि आम्ही सुशिक्षित लोक ती मुकाट्यानें सोसतों.

ही अतिशयोक्ति नव्हे. सोनी कंपनीनें 2006 सालीं प्लेस्टेशन 3 हें खेळाचें यंत्र बाजारांत आणलें, तेव्हां त्यावर लिनक्स ही स्वतंत्र संगणकप्रणाली चालविण्याची सोय होती. खेळाबरोबर संगणकहि मिळतो, या हिशेबानें कित्येकांनीं तें घेतलें. संशोधकांनीं अशीं अनेक यंत्रें एकमेकांस जोडून शास्त्रीय गणितें केलीं. पुढें 1 एप्रिल 2010 रोजीं कंपनीनें 3.21 क्रमांकाचा अपडेट काढला, आणि सुरक्षिततेचें निमित्त सांगून ती सोय नाहींशी केली. अपडेट घेणें न घेणें ग्राहकाच्या इच्छेवर होतें, असें कोणी म्हणेल. खरें आहे, परंतु न घेणारास कंपनीच्या जाळ्यावरून इतरांशीं खेळतां येईनासें झालें, आणि पुढें निघणारे कित्येक नवे खेळहि त्यास मुकावे लागले. दोहोंपैकीं कोणता हात तोडूं, असें विचारणें याला निवड म्हणत नाहींत. अमेरिकेंत त्याच वर्षीं खटला उभा राहिला. तो 2018 पर्यंत रेंगाळून 37 लक्ष 50 हजार डॉलरांच्या तडजोडीवर येऊन ठेपला. एकेका दावेदाराच्या वांट्यास फार तर 65 डॉलर!

याच जातीचीं आणखी उदाहरणें पाहा. 2009 च्या जुलैंत अमेझॉननें किंडलवर विकलेलीं जॉर्ज ऑर्वेल यांचीं दोन पुस्तकें, विकणारास हक्क नव्हता म्हणून, ग्राहकांच्या यंत्रांतून दूरवरून पुसून टाकलीं. पैसे परत केले, पुढें कंपनीच्या प्रमुखांनीं क्षमाहि मागितली. परंतु आपल्या घरांतील कपाटाची किल्ली दुकानदारापाशीं आहे, ही गोष्ट त्या दिवशीं सर्वांस कळून चुकली. 2016 च्या सप्टेंबरांत एचपी कंपनीचे कांहीं प्रिंटर कालपर्यंत चालणारीं इतरांचीं शाईचीं नळकांडीं एकाएकीं नाकारूं लागले. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत 'रिव्हॉल्व्ह' नांवाचें, सुमारें 300 डॉलर किंमतीचें गृहोपयोगी यंत्र, तें बनविणारी संस्था विकत घेणाऱ्या कंपनीनें आपला सर्व्हर बंद करतांच, निव्वळ डबा होऊन बसलें.

या कृत्यांच्या समर्थनार्थ तीन मुद्दे पुढें करण्यांत येतात. पहिला असा कीं, आम्ही यंत्र विकतों, आंतील प्रणाली विकत नाहीं. तिचा केवळ परवाना देतों. ग्रंथकाराचाहि आपल्या ग्रंथावर स्वामित्वहक्क असतो. त्या हक्काच्या बळावर तो आम्हांस प्रती काढूं देणार नाहीं हें योग्यच, परंतु आमच्या घरीं येऊन आमच्या प्रतींतील सातवें प्रकरण फाडून नेण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? शिवाय प्रणालीवांचून यंत्र म्हणजे धातूचें खोकें. जाहिरातींत 'विकत घ्या' म्हणावयाचें आणि वाद उपस्थित होतांच 'आम्ही विकलेंच नव्हतें' म्हणून हात वर करावयाचे, याला व्यापार म्हणावें कीं वंचना, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरा मुद्दा संमतीचा. ग्राहकानें अटी मान्य केल्या होत्या, असें सांगतात. वस्तु घरीं आल्यावर, पैसे दिल्यावर, शेंकडों कलमांचा परकी भाषेंतील मजकूर समोर यावा, आणि 'मान्य' हें बटण दाबल्यावांचून यंत्र सुरूच होऊं नये, अशा स्थितींत मिळविलेली संमति म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होय.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो मात्र विचारार्ह आहे. जाळ्याशीं जोडलेल्या यंत्रांत दोष सांपडतात, ते दुरुस्त न केल्यास ग्राहकाचेंच नुकसान होतें, हें आम्ही जाणतों. अपडेटमात्रास आमचा विरोध नाहीं. परंतु भिंतीला भोक पडलें तर तें बुजवावें, खोलीच पाडूं नये. आणि पाडण्यावांचून गत्यंतरच नसेल, तर त्या खोलीचे पैसे परत करावे. सुरक्षिततेचा लाभ कंपनीनें घ्यावा व तिची किंमत ग्राहकानें भरावी, हा न्याय कोणता?

आमच्या देशांत कायद्याचा आधार नाहीं असें नाहीं. 1930 च्या माल-विक्री कायद्याच्या 14 व्या कलमांत, खरेदीदारास मालाचा निर्वेध उपभोग मिळेल, अशी हमी गृहीत धरलेली आहे. दूरवरून यंत्राचें अंग छाटणें हा या उपभोगाचा भंग आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें 'अन्याय्य करार' ही कल्पनाहि मान्य केली. परंतु अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढें चालत नाहीं; तिच्यासाठीं राज्य आयोगाकडे जावें लागतें. दहा हजारांच्या प्रिंटरसाठीं सांगलीच्या किंवा चंद्रपूरच्या गृहस्थानें राज्य आयोगाची पायरी चढावी, अशी अपेक्षा करणें म्हणजे हक्क देऊन तो वापरूं न देणें होय. उलट युरोपीय संघाच्या 2019 सालच्या 770 क्रमांकाच्या निर्देशांत, डिजिटल सामग्री व सेवा यांपुरता कां होईना, असा नियम आहे कीं, विक्रेत्यानें केलेल्या बदलानें ग्राहकाचें लक्षणीय नुकसान होत असेल, तर त्यास 30 दिवसांच्या आंत विनामूल्य करार मोडतां यावा.

तेव्हां आमच्या मागण्या तीन आहेत. दोषदुरुस्तीचा अपडेट आणि गुणधर्म बदलणारा अपडेट हे वेगळे द्यावे, व दुसरा नाकारणारास पहिला नाकारूं नये. विक्रीच्या वेळीं जाहीर केलेली सोय काढून घेतल्यास किंमतीचा त्या प्रमाणांत परतावा, न मागतां, मिळावा. आणि अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेण्याची मुभा असावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास सर्व ग्राहकांच्या वतीनें अनुचित प्रथा थांबविण्याचा अधिकार आहे. तो या बाबतींत त्यानें वापरावा.

आमच्या वाचकांनाहि एक विनंति. खरेदीच्या दिवसाची जाहिरात व खोक्यावरील मजकूर पावतीबरोबर जपून ठेवावा, आणि कबूल केलेली सोय नाहींशी झाली तर रक्कम लहान म्हणून गप्प न बसतां लेखी तक्रार करावी. प्रत्येकाचें नुकसान थोडें आणि म्हणून कोणीच बोलणार नाहीं, या एकाच भरंवशावर हा सारा व्यवहार चाललेला आहे.