आधी खेळ ठरवा, मग प्लाय कापा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हे नाव फार थोड्यांच्या तोंडी होतं. पोरं ‘मुस्तफा’ म्हणायची, की बोट बरोबर त्या मशीनकडे जायचं. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 1993 सालचा हा खेळ. त्यातल्या चार नायकांपैकी एक, मुस्तफा कैरो, याच्या नावानंच तो भारतभर ओळखला गेला. खिशातली नाणी संपेपर्यंत तिघं खांद्याला खांदा लावून खेळायचे आणि चार जण मागून सल्ले द्यायचे.

ती पोरं आता चाळिशी ओलांडून गेली. स्वतःचं घर झालं, आणि हॉलच्या कोपऱ्यात तसंच उभं मशीन असावं असं अनेकांना वाटू लागलं. ही हौस जपण्यासारखी आहे. पण बहुतेकदा ती उलट्या टोकानं सुरू होते. हजारो गेम भरलेली एखादी तयार डबी आधी विकत घेतली जाते आणि मग सुताराला बोलावून तिच्याभोवती खोकं बांधलं जातं. असं मशीन आठवडाभर कौतुकाचं असतं. पुढे त्याकडे कुणी फिरकत नाही, कारण त्यातला एकही खेळ हाताला नीट लागत नाही.

हाताला लागण्याचा हा मुद्दा समजून घ्यायला हवा. आर्केडचे जुने खेळ आणि त्यांची मशीनं एकत्रच जन्मली. तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 1978 मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला, तेव्हा पडद्यावरचे शत्रू जसजसे कमी होतील तसतसा प्रोसेसरवरचा भार हलका होऊन उरलेले अधिक वेगानं सरकू लागले. निशिकादो यांनी ते बदललं नाही, खेळातली चुरस त्यातूनच आली. पडदा कृष्णधवल होता, रंग यायचे ते त्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. 1980 सालचा तोरू इवातानी यांचा ‘पॅकमॅन’ घ्या. चार दिशांचा एक दांडा, आणि खेळताना लागणारं बटण एकही नाही.

हाच पॅकमॅन आठ दिशांच्या जॉयस्टिकवर खेळून पाहावा. दांड्याच्या तळाशी चार मायक्रोस्विच असतात. तो तिरका गेला की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि ऐन वळणावर पॅकमॅन अडखळतो. खेळणाऱ्याला वाटतं, वयामुळे हात मंदावला. हात ठीकच असतो, दांडा चुकीचा असतो. सानवा कंपनीच्या लोकप्रिय जॉयस्टिकमध्ये तळाची अटकाव पट्टी फिरवून बसवली की तीच चार दिशांची होते, काम पाच मिनिटांचं. याउलट मुस्तफाला आठही दिशा हव्यात, पण बटणं मात्र दोनच, मारायचं आणि उडी घ्यायचं. ‘स्ट्रीट फायटर टू’साठी प्रत्येकी सहा बटणं लागतात. सगळ्यांची सोय करायला निघालेलं बटणांचं पॅनल शेवटी कुणाच्याच सोयीचं राहत नाही.

पडद्याचं गणित तर याहून रोखठोक आहे. पॅकमॅनचं चित्र उभं, 224 बाय 288 ठिपक्यांचं. ते आजच्या आडव्या मॉनिटरवर दाखवलं तर निम्म्याहून अधिक काच काळी राहते. कार्यालयांतून बाद झालेले जुने 19 इंची मॉनिटर सेकंडहँड बाजारात मिळतात, 1280 बाय 1024 ठिपक्यांचे. तसा एक उभा करून बसवला तर पॅकमॅनचा प्रत्येक ठिपका बरोबर चौपट मोठा होऊन मावतो आणि कडा धारदार दिसतात. मात्र विकत घेण्याआधी मॉनिटर उभा धरून डावीकडून आणि उजवीकडून पाहावा. स्वस्त पडद्याचे रंग बाजूनं उडालेले दिसतात. मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर आडवे, त्यांना आडवाच पडदा हवा. जुन्या पिक्चर ट्यूबची झळाळी आजही कशालाच नाही, हे खरंच. पण प्लग काढल्यावरही त्या ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ज्याला ते काम येत नाही त्यानं मागचं झाकण उघडू नये.

लाकूडकामाला सुतार लागतोच. पण माप मालकानं द्यावं. उभ्यानं खेळायचं तर पॅनल जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असावं. फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खऱ्या आकाराचं पॅनल आखावं, भोकं पाडून बटणं बसवावीत आणि घरातल्या सगळ्यांना त्यापुढे उभं करावं. तिघांनी खेळायचं असेल तर साडेतीन-चार फूट रुंदी लागते, आणि तेवढं पॅनल जोडलेलं मशीन फ्लॅटच्या दारातून सरळ आत येत नाही. म्हणून पॅनल सुटं करता यायला हवं. 18 मिलिमीटरचं प्लाय महाग पडतं तरी कोकणात आणि मुंबईत तेच घ्यावं. एमडीएफची कापलेली कड पावसाळ्यात ओल धरते, फुगते आणि मग स्क्रूही धरत नाहीत.

वायरिंगची भीती विनाकारण असते. प्रत्येक बटणाला दोन टोकं, त्यातल्या एकाची वायर सगळ्यांना सामाईक. बाकीच्या वायरी यूएसबी एन्कोडरच्या छोट्या पट्टीत जातात आणि मशीनमधल्या संगणकाला ती साधा जॉयपॅड वाटते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली गाठली की वायर, सोल्डर, पॉवर सप्लाय सगळं मिळतं. पोरांना हाताशी घ्यावं. बटण दाबल्यावर आत नेमकं काय घडतं, ते त्यांना इथे डोळ्यांनी दिसतं.

मग खेळ आणायचे कुठून? इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 1997 मध्ये सुरू केलेल्या ‘मेम’ या प्रकल्पामुळे हजारो जुनी मशीनं सॉफ्टवेअरच्या रूपात टिकली, आणि 2016 पासून ते पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर आहे. खेळांचे हक्क मात्र अजून ज्याचे त्याच्याकडे आहेत. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत असणाऱ्याला बॅकअप काढायची मुभा दिली आहे, दुसऱ्याची प्रत डबीत भरून विकायची दिलेली नाही. कॅपकॉमचे बरेच जुने खेळ आज संगणकासाठी रीतसर विकत मिळतात. हौशी माणसानं आवडीचे सात-आठ खेळ पैसे देऊन घ्यावेत.

आणि इथे मुस्तफाच हुलकावणी देतो. कॅपकॉमनं 2018 मध्ये अशाच मारामारीच्या सात खेळांचा संच काढला, त्यात तो नव्हता. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर तो बेतलेला असल्यानं हक्कांची गाठ एकट्या कॅपकॉमच्या हातात नाही. ही गाठ संबंधितांनी सोडवावी. भारतात त्याला गिऱ्हाईक आहे. तोवर अस्सल मुस्तफा हवा असणाऱ्यानं खेळाच्या मूळ आर्केड सर्किट बोर्डाची वाट पाहावी आणि मशीन बांधतानाच आत अशा बोर्डांसाठीच्या 56 टोकांच्या जाम्मा या प्रमाण जोडणीची वायरिंग हार्नेस घालून ठेवावी. तीत सोय दोनच खेळाडूंची असते, तिसऱ्याची वायर बोर्डावरच्या वेगळ्या जोडातून ओढावी लागते. बोर्ड मिळालाच, तर आधी त्यावरची बॅटरी एखाद्या जाणकाराला दाखवावी. आवाजाच्या प्रोसेसरची सांकेतिक किल्ली तिच्यावर टिकून असते, आणि त्या बॅटरीला आता तीस वर्षं उलटली आहेत.