पितळेची भांडी आणि कल्हई

माळ्यावर गेलेली पितळेची पातेली अलीकडे पुन्हा स्वयंपाकघरात उतरू लागली आहेत. त्याला माझी हरकत नाही. मात्र आतील कल्हई शाबूत आहे का, हे घरातील ज्येष्ठांसाठी तरी अवश्य पाहावे.

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. पत्र्याच्या पितळात बहुधा ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. हे मिश्रण तांब्याहून कणखर, तरी ठोकून हवा तो आकार घेणारे. म्हणून त्याची पातेली घडली आणि बंदुकीच्या काडतुसांची नळकांडीही. आम्लापुढे मात्र ते हार खाते. चिंचेने घासलेले पितळ लखलखते, कारण चिंचेतील आम्ल वरचा काळपट थर विरघळवते. तेच आम्ल आमटीत असेल, तर विरघळलेले तांबे आमटीत उतरते. ताक, कढी, टोमॅटोचे सार यांचेही तेच. जुन्या गृहिणी अशा पदार्थाला ‘कळकला’ म्हणत आणि तो टाकून देत.

कळकलेले अन्न पोटात गेल्यास थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात कळ येते. तोंडाला धातूची चव लागते. वृद्धांच्या बाबतीत ‘पित्त झाले असेल’ म्हणून हे सोडून दिले जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला चार उलट्यांनीही ग्लानी येऊ शकते. अशा वेळी दवाखान्यात नेण्यास विलंब करू नये आणि काय खाल्ले याबरोबरच ते कोणत्या भांड्यातले, हेही डॉक्टरांना सांगावे.

कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ लेप. पांढऱ्या थरातून पिवळे डाग दिसू लागले की ती नव्याने करून घ्यावी. कथिलात स्वस्त शिसे मिसळलेले नाही, याची कल्हईवाल्याकडून खात्री करून घ्यावी. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून रिकामे भांडे आचेवर ठेवू नये. तारेच्या घासणीनेही लेप लवकर जातो.

नळांच्या पितळात, कातकाम सोपे व्हावे म्हणून, बरेचदा थोडे शिसे असते. रात्रभर नळात थांबलेले सकाळचे पहिले पाणी पिण्यास घेऊ नये. बादलीत धरून झाडांना घालावे.

समई, घंटा यांना कल्हईची गरज नाही. पूजेचे पंचामृत मात्र बिनकल्हईच्या पितळी वाटीत तासन्‌तास ठेवू नये. त्यात दही असते.