निरोधक माल आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

मोटरीच्या कॉइलसाठी निरोधक माल घेणारा कारागीर बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘हा किती उष्णता सोसेल?’ वर्ग ‘बी’ १३० अंश सेल्सिअस, ‘एफ’ १५५, ‘एच’ १८०, हे उत्तर आपणांस मुखोद्गत असते. तथापि ते अर्धेच उत्तर होय. तांब्यातील उष्णता बाहेर निघाली नाही, तर सोशीक निरोधकही अकाली करपतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. पॉलिइमाइडची फिल्म २०० अंशांपलीकडेही टिकते, परंतु उष्णता फारशी वाहून नेत नाही. ॲल्युमिना तिच्या शंभरपटींहून अधिक उष्णतावाहक, पण ठिसूळ. म्हणून त्याची पूड इपॉक्सीत मिसळून वापरतात. बेरिलियम ऑक्साइड त्याहूनही सरस. परंतु त्याची धूळ फुफ्फुसांस घातक असल्याने ते दुकानी न ठेवणेच श्रेयस्कर. शिवाय तारांमधील हवेच्या पोकळ्या वॉर्निशने भरल्या नाहीत, तर उंची मालही व्यर्थ ठरतो.

यास्तव व्यापारी बंधूंनी उत्पादकाकडून तापवर्ग व उष्णतावहन हे दोन्ही आकडे मागून घ्यावेत आणि ते पावतीवर लिहून द्यावेत. मोटर जळाली की गिरणी थांबते, मजुराचा रोज बुडतो. त्या हानीपुढे विक्रीतील चार पैशांचा नफा तो किती?